शिकारकोठीचं सरपण

शिकारकोठी, मुळशी
३ डिसेंबर २०२४

तुकाबाई ढेबे यांना नमस्कार.

ओळख ना देख, आणि मागणं घेऊनच येते आहे, राग मानू नका. मी नलिनी सबनीस, बावधनची. गेल्या आठवड्यापासून मी आणि माझे यजमान शेखर वरच्या शिकारकोठीत राहायला आलो आहोत. इथे मोबाईलला रेंज नाही. तुमचा सिद्धू दूध घालून घोड्यावरून परतताना वाटेत भेटला. सरपणाचं विचारलं तर म्हणाला, "ते आईला इचारावं लागंल, आन् आईचे गुडघे गेल्यात, ती काय वर यायची न्हाई." म्हणून ही चिठ्ठी त्याच्याच हाती.

आडपडदा न ठेवता लिहिते. शेखरना पोटाचा कॅन्सर आहे. डॉक्टरांनी औषधं थांबवली. आता दुखू नये एवढंच बघायचं. हे म्हणाले, मला हॉस्पिटलच्या खाटेवर जायचं नाही, हा हिवाळा मला कोठीवर काढू दे. ही कोठी त्यांच्या आजोबांनी शिकारीसाठी बांधलेली. शिकार केव्हाच बंद झाली, पण लहानपणी नाताळच्या सुट्टीत हे इथेच असायचे. आमची मुलगी मृण्मयी तयार नव्हती. शेवटी तिने एकच अट घातली: बाबांना थंडी बाधली की मी गाडी आणणार आणि सरळ हॉस्पिटलात नेणार, मग वाद नको.

त्यांच्या अंगावर मांस उरलेलं नाही, त्यामुळे थंडी थेट हाडाला लागते. भिंतीत शेकोटीची जागा आहे, वर धुराडं आहे. पहिल्याच संध्याकाळी मी आजूबाजूच्या काटक्या गोळा करून पेटवल्या, तर सगळा धूर घरात! दोघं डोळे पुसत अंगणात बसून राहिलो. वाळलेलं लाकूड तुमच्याकडे असतं असं कळलं. द्याल का? ऊब टिकली तरच हे इथे राहतील, दुसरं काही नाही.

आपली,
नलिनी सबनीस


धनगरवाडा
चंपाषष्ठी झाली त्याचा दुसरा दिस

नलिनीबाईस तुकाबाई ढेबेचा रामराम.

मला लिवता येत न्हाई. मी सांगते, सून दीपाली लिवती. बारावी पास हाय, पन माझं बोलनं सुदारून लिवायची तिला खोड, तवा धाडायच्या आदी मी तिच्याकडनं वाचून घेते.

शिकारकोठीत दिवा दिसतोय म्हनल्यावर आमच्या वाड्यात लई चर्चा झाली. कोन म्हनलं हाटेल निघतंय, कोन म्हनलं पिच्चरवालं आलं. आमचा आजा त्या कोठीच्या सायबांसंगं हाका घालाया जायचा. रान उठवायचं आमी, बंदूक वडायची सायबानं, आन् फोटूत बी सायबच! आता तुमी आलाय ते शेकाया. बरं झालं. शेकनाऱ्याशी आमचं भांडान न्हाई.

बाई, तुमी कशाच्या काटक्या पेटीवल्या? सिद्धू सांगत हुता, निरगुडीचा वला फाटा हुता त्यात. धूर हुनार न्हाई तर काय! आन् धुराड्यात काय अडाकलंय ते बी बघाया पायजे. सिद्धू वर चढून साफ करंल. त्याच्यासंगं जांभळाचं आन् किंजळीचं लाकूड धाडते. आमच्या मालकीतल्या बांदावरचं हाय, रानातलं न्हाई, तवा फॉरेस्टवाला आला तर बिनघोर सांगा. बारीक खाली, जाड वर, आन् सारकं ढोसू नका. निखारा झाला की त्याला त्याच्या मनानं ऱ्हाऊ द्या.

तुमच्या मालकाला म्हनावं, लाकडाची काळजी तुकाबाईला. त्यांनी जेवायची काळजी करावी.

तुकाबाई


शिकारकोठी
१६ डिसेंबर

तुकाबाई, नमस्कार.

तुम्हाला काय काय सांगू! सिद्धूने धुराड्यातून अख्खं घरटंच काढलं, पाटीभर काटक्या आणि पिसं. मग त्याने शेकोटी पेटवली आणि धूर असा सुरळीत वर गेला की शेखरनी खाटेवरून टाळ्या वाजवल्या. आता दिवसभर हे शेकोटीसमोर आरामखुर्चीत असतात. काल दूध-भाकरीचा काला मागून घेतला आणि अर्धी वाटी खाल्ला. बावधनला महिनाभर मी त्यांच्या तोंडासमोर चमचा धरून बसत होते.

मृण्मयी रविवारी आली ती विजेचा हीटर घेऊनच. इथली वीज तुम्हाला माहीतच आहे. हीटर लावला आणि कोठीभर अंधार. शेखर म्हणाले, "बाळ, हा परत ने, माझा हीटर घोड्यावरून येतो." ती हसली नाही, पण त्यांचे पाय हातात धरून बसली आणि पाय गरम आहेत म्हणाली. जाताना मला बाजूला घेऊन बजावून गेली, "आई, एक दिवस जरी गारठले ना, मी ऐकणार नाही."

सोबत लोकरीच्या दोन गुडघेपट्ट्या पाठवते आहे. मी विणल्या आहेत. मापाचा अंदाज सिद्धूने हातवारे करून सांगितला, तेव्हा सैल झाल्या तर त्याला रागवा. तुमचे उपकार मी शब्दांत मांडू शकत नाही, म्हणून सुया हातात घेतल्या.

नलिनी


धनगरवाडा
रविवार

नलिनीबाई, रामराम.

पट्ट्या घातल्या. सैल न्हाईत, घट हायेत, सिद्धूला आईचा गुडगा बारीक वाटला व्हय! पन ऊब लई झ्याक. दीपाली म्हनती, आत्या, तुमी आता फुटबॉल खेळाया चालल्या. काल चुलीपासनं गोठ्यापतुर काठी न घेता गेले. शेळ्यांनी बी वळखलं न्हाई.

उपकार-बिपकार लिवत जाऊ नका. आमच्या वाड्यावर कोनाच्या घरातला इस्तू इझला तर शेजारनं निखारा आनत्यात, त्याला कोन उपकार म्हनत न्हाई. तुमचं घर जरा लांब हाय, एवढंच.

दोन दिस झालं ढगाळतंय. वारा बी खालनं येतोय. लाकडं झाकून ठिवा. छपराचा भरवसा धरू नका.

(काकू, आत्या पट्ट्या रोज शेजारणींना दाखवायला नेतात. हे मी माझ्या मनाने लिहिलंय. दीपाली)

तुकाबाई


शिकारकोठी
२८ डिसेंबर

तुकाबाई,

घाईत लिहिते आहे. तुम्ही सांगितलं होतंत तरी गाफील राहिले. परवाच्या पावसात मागच्या पडवीचा पत्रा उडाला आणि सगळं सरपण भिजलं. पेटवलं तर नुसतं चरचरतं. शेखरना तीन रजया घातल्या आहेत, तरी दात वाजतात. कालपासून पाण्याचा घोटही नको म्हणतात. पायथ्याच्या गावात माणूस पाठवला, तर सगळ्यांचीच लाकडं भिजलेली.

मृण्मयी सोमवारी येते आहे. तिने यांना असं पाहिलं तर नेईलच, आणि मी तिला कोणत्या तोंडाने अडवू? शेखर नुसते विझलेल्या शेकोटीकडे बघतात. कुठे मूठभर कोरडं लाकूड असेल तर बघा. मला दुसरं कोणी सुचत नाही.

नलिनी


शिकारकोठी
३१ डिसेंबर

तुकाबाई, अहो, जादू केलीत!

चिठ्ठी दिली त्याच दिवशी सिद्धू घोडं भरून आला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा. काय ते लाकूड! ऐनाचं आहे म्हणाला. पुरुषभर लांब, सरळ, दगडासारखं जड आणि वाजवलं तर खणखणतं. सिद्धूने इथेच कुऱ्हाडीने तुकडे केले. एक तुकडा ठेवला की सकाळपर्यंत निखारा टिकतो. सोमवारी मृण्मयी आली तेव्हा शेखर शेकोटीसमोर शर्टाची बटणं सोडून बसले होते. तिने स्वेटर काढला, कपाळ पुसलं, बाबांबरोबर लिमलेटच्या गोळ्या खाल्ल्या आणि गाडी रिकामीच परत नेली. गाडी वळणाआड गेल्यावर मी दारात बसून रडले. आनंदाने हो.

पण एक तक्रार आहे. एवढं भारी लाकूड इतके दिवस कुठे दडवलं होतंत? शेखर म्हणतात, "म्हातारी पक्की आहे, चांगला माल मागे ठेवला होता." सिद्धूला विचारलं तर तो मान खाली घालून नुसता कुऱ्हाड चालवत राहिला. मी म्हटलं, अरे, आईला सांग, आता हेच पाठवा, जांभूळ नको!

तुमची,
नलिनी


धनगरवाडा
५ जानेवारी

नलिनीबाईस रामराम.

व्हय, दडवल्यालंच हुतं. वळचनीला पडून हुतं लई वरसं, जागा खात हुतं. तुमच्या कामी आलं. सायेब जेवत्यात का ते लिवा. संक्रातीला तिळाचं लाडू धाडते, मऊ करते, चावाया नको.

तुकाबाई

(नलिनीकाकू, हे खालचं त्यांना न वाचता लिहिते. तुम्ही थट्टेत लिहिलंत, ते ऐकून त्या हसल्या, पण मला राहवत नाही. ती लाकडं आत्यांच्या सरणाची आहेत. आमच्या डोंगरात पावसाळ्यात माणूस गेलं तर जाळायला कोरडं लाकूड मिळत नाही, म्हणून म्हातारी माणसं आपलं सरण आधीच रचून ठेवतात. पुरुषभर लांब असतं ते त्यासाठीच. तुमची चिठ्ठी वाचून झाली तसं त्या उठल्या आणि सिद्धूला म्हणाल्या, "वळचनीचं काढ." तो नाही म्हणाला तर त्याच्यावर काठी उगारली. तुम्ही त्यांना कळू देऊ नका. दीपाली)


शिकारकोठी
९ जानेवारी

तुकाबाई,

दीपालीवर रागावू नका, तिने मला सांगितलं. मी चार दिवस जेवले नाही असं लिहिलं तर खोटं होईल, पण घास गोड लागला नाही. मी काय लिहून बसले! "आता हेच पाठवा, जांभूळ नको!" ते शब्द आठवले की कानशिलं तापतात.

अर्ध्याहून जास्त जळून गेलं. उरलेल्याला मी हात लावलेला नाही. आज ते सगळं सिद्धूच्या घोड्यावर लादून तुमच्याकडे परत पाठवते आहे. तुमचं आहे, तुमच्या वळचणीला राहू दे. भिजलेलं जांभूळ मी उन्हात पसरलं आहे, वाळेल हळूहळू. शेकोटी बारीक ठेवली आहे. शेखरना यातलं काही सांगितलेलं नाही. ते विचारतात, आज एवढं गार का वाटतंय. मी म्हणते, वारा फिरलाय.

मला क्षमा करा.

नलिनी


धनगरवाडा
त्याच दिशी, सांजंच्या आत

नलिनी,

बाई-बिई आता ऱ्हाऊ दे. शिकल्यासवरल्याली तू, आन् हे काय करून बसली?

सरनाचं लाकूड एकदा वळचनीतनं निगालं की मागारी येत न्हाई. मागारी आलं तर ते घरातलं मानूस घेऊनच जातं, असं आमच्यात धरत्यात. तू मला मारायलाच निगाली हुतीस गं! सिद्धूला बी अक्कल न्हाई, बाई म्हनली म्हनून घोडं भरलं. वाड्यातलं पोरगं चिठ्ठी घेऊन फुडं पळत आलं, दीपालीनं ती उघडली तवर घोडं खालच्या वड्यापतुर आल्यालं. ही पळत गेली आन् वड्याच्या पल्याडच त्याला आडवलं. आता त्याच पावली लाकूड तुझ्याकडं चाललंय. घोडं बिचारं येडं झालं.

आईक. माझा मालक, सावळ्या, श्रावनात गेला. पाऊस उघडायचं नाव घेईना. वलं लाकूड, वरनं रॉकेल वतलं, टायर टाकलं, नुसता धूर. पोरं दोनदा जाऊन बघून आली. मानसाला नीट जळाया बी मिळालं न्हाई. तवा मी म्हनलं, माझं असं हू द्यायचं न्हाई. बांदावरचा वठल्याला ऐन तोडून घेतला, वळचनीला रचला. ते लाकूड बघितलं की मनाला आधार वाटायचा. खोटं न्हाई बोलत.

पन तुझी चिठ्ठी आली, त्याचं दात वाजत्यात म्हनून. तवा मला वाटलं, तुका, तुला मेल्यावर कुटं थंडी वाजनार हाय? जित्या मानसाला वाजती. इचार आला आन् मी उठले. त्यात मोठं काय न्हाई. तुझ्या मालकाला आज गार वाटलं ते मातर मला लई लागलं. शेकोटी मोठी कर. माझं लाकूड हाय, माझा हुकूम.

तुका

(रडतायत. हे लिहू नको म्हणाल्या, तरी लिहिलं. दीपाली)


शिकारकोठी
१३ जानेवारी

तुकाबाईंना शेखरचा नमस्कार.

अक्षर वेडंवाकडं आहे, चालवून घ्या. नलूने लिहून देते म्हटलं, पण हे मला स्वतःच लिहायचं होतं.

लाकूड परत आलं तेव्हा नलूला सगळं सांगावंच लागलं. सांगताना ती रडत होती आणि मी हसत सुटलो. महिनोन् महिन्यांत असा हसलो नव्हतो. म्हटलं, नलू, लोक सरणावर एकदाच जातात, मी रोज संध्याकाळी त्याच्यासमोर बसून चहा पितो! मग हसता हसता माझाही बांध फुटला.

मी आयुष्यभर कारखान्यांना बॉयलर विकले. ऊब म्हणजे किती टन वाफ, याच हिशेबात नोकरी गेली. आजोबांच्या या कोठीत तुमच्या आजोबांनी रान उठवलं आणि फोटोत मात्र आमचीच माणसं, हे तुम्ही लिहिलंत ते नलूने मला वाचून दाखवलं होतं. आणि त्याच कोठीत तुम्ही तुमचं सरण पाठवलंत.

नाही म्हणायचा मला अधिकार नाही, मी घेतो. पोटभर घेतो. शेकोटी मोठी केली आहे. मला अजून इथे राहायचं आहे, आणि तुमच्यामुळे राहता येतं आहे. तुम्ही वर येऊ शकत नाही. जरा बळ आलं की मीच खाली येईन. घोडं आहेच.

तुमचा भाऊ,
शेखर


बावधन
८ मार्च

आक्का,

दीपालीचा नंबर आहे माझ्याकडे, पण फोनवर मला बोलवत नाही. पत्रात रडलं तरी कुणी मधे बोलत नाही, म्हणून लिहिते.

माघी पौर्णिमेला सिद्धू यांना घोंगडीत गुंडाळून घोड्यावरून तुमच्याकडे घेऊन आला, ते तुम्हाला सांगायला नको. हे तुमच्या पाया पडायला वाकले आणि तुम्ही ओरडलात, "आदी वय सांगा, मग वाका!" मग तुमचं दोघांचं मोठं कोण यावर जे जुंपलं! तुम्हाला जन्मसाल माहीत नाही, यांना हार मानायची नाही. शेवटी तुम्ही यांना चुलीपुढे बसवून नाचणीची आंबील पाजलीत. पेलाभर प्यायले. इतकं नंतर कधी पोटात गेलं नाही.

परत येताना वाटेत हे काय बोलले ते तुम्हाला सांगायचं राहिलं. म्हणाले, "नलू, हॉस्पिटलात सगळे मला जगवायला बघत होते आणि मला रोज मरणाची भीती वाटायची. हिने स्वतःचं मरणाचं सामान काढून दिलं आणि माझी भीती गेली. हे कसं झालं ते मला सांगता येत नाही, पण गेली."

शेवटच्या दिवशी सकाळची उन्हाची वेळ होती. दार उघडं होतं. ऊन खाटेपर्यंत आलं होतं, अंगावर नुसती चादर होती. मृण्मयी आदल्या दिवशीच येऊन राहिली होती, तिच्या मांडीवर डोकं होतं. ती म्हणाली, "आई, बाबांचे पाय बघ, गरम आहेत." मी हात लावला. खरंच गरम होते. तसेच गेले, आक्का. थंडी न वाजता गेले.

मग तुमच्या वाड्यातलं घरटी एक माणूस एकेक लाकूड खांद्यावर घेऊन वर आलं. कुणाला मी बोलावलं नव्हतं. मृण्मयी त्यांना न्यायला पुण्याहून गाडी बोलवायची म्हणून रेंजच्या शोधात निघाली होती, ती लाकडं बघून परत फिरली. तिने मला सांगायला सांगितलं आहे की तिला तुमच्याकडे यायचं आहे.

आता एक मागते, नाही म्हणू नका. तुमची वळचण रिकामी झाली ती आमच्यामुळे. पावसाळ्याआधी मी चांगलं कोरडं ऐनाचं लाकूड आणवून तुमच्या दारात रचून देते. तुम्हाला त्याचा आधार वाटायचा असं तुम्हीच लिहिलंत. माझ्या जिवाला घोर आहे, आक्का. पावसात काही झालं तर?

तुमची,
नलू


धनगरवाडा
धुळवड, १४ मार्च

नलू, पोरी,

तुझं पत्र दीपालीनं दोनदा वाचलं. मग सिद्धूनं वाचाया घेतलं आन् अर्ध्यात उठून गोठ्यात गेला. पाय गरम हुते, एवढं वाक्य मी तिसऱ्यांदा वाचून घेतलं. माझं लाकूड त्यासाठीच गेलं हुतं. बास. माझं सगळं फिटलं, तुझं बी फिटलं.

शेखरभाऊंना अगुदर म्हनायला हवं हुतं, मी मोठी हाय म्हनून. पानशेतचं धरन फुटलं तवा मी शेरडं राखत हुते, ते आता ध्यानात आलं. तवा ते पाळन्याबाहीर निगालं असतील नसतील. आता जिकून काय उपेग! भाऊ न्हाई ऐकाया.

लाकूड धाडू नको. एक तर ज्याचं सरान त्यानंच रचायचं असतंय. दुसरं, जागा न्हाई. वळचन मोकळी झाली तर बांडी शेळी तिथं जाऊन व्याली. दोन करडं हायेत. मी हाकलली तरी तिथंच येत्यात. आगं, मला वाटायचं त्या लाकडाचा मला आधार हाय. पन रोज दार उघडलं की पयलं माझं मरान दिसायचं, ते मातर कळत नव्हतं. आता दार उघडलं की करडं अंगावर उड्या मारत्यात. पदर खात्यात, मेली. त्यांना तिथनं उठवून मी परत लाकडं रचू व्हय?

तवा तू घोर करू नको. यंदाच्या पावसाळ्यात मरायचं मी रद्द केलंय. कोरडं लाकूडच न्हाई तर मरून काय करू? सिद्धूला बी सांगितलंय, दीपालीला बी. तू मृण्मयीला घेऊन दसऱ्याला ये. तवर मी हाय.

तुजी आक्का,
तुका